एकतानगरला जायचंय? भाडं नंतर ठरवू, आधी वार सांगा

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या तळोद्याचा. क्रूझर स्वतःची आहे, चालवतोही मीच. लग्नसराईत वऱ्हाड, आषाढीला पंढरपूर, दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा, आणि मधल्या रिकाम्या दिवसांत गुजरातेतलं एकतानगर, सरदार पटेलांचा तो उंच पुतळा, स्टॅच्यू ऑफ युनिटी, आहे ते. आमच्याकडची जुनी माणसं अजून केवडियाच म्हणतात. अक्कलकुवा, खापर, सागबारा, डेडियापाडा, मोवी, राजपिपळा आणि मग केवडिया. चहाचा थांबा धरून साडेतीन-चार तास. मुंबईकडच्या कुठल्याही पार्कपेक्षा हे आम्हाला जवळ. पार्टीचा फोन आला की त्यांचा पहिला प्रश्न भाड्याचा असतो. माझा पहिला प्रश्न, वार कोणता?

मत आधीच सांगून टाकतो. जागा बघण्यासारखी आहे, आणि बरोबर पोरंसोरं असतील तर एक दिवस कमी पडतो. पण हे ठिकाण किती आवडेल ते तुम्ही कोणत्या दिवशी गेलात त्यावर ठरतं. जे कुटुंब बुधवारी खुशीत परत आलं, तेच दिवाळीत गेलं असतं तर रस्ताभर माझं डोकं खाल्लं असतं.

सोमवारी पुतळा बंद असतो. ऐकायला सोपं आहे, तरी दर हंगामात कोणी ना कोणी म्हणतंच, ‘रविवारी निघू, सोमवारी निवांत बघू.’ सोमवार बंद असल्यामुळे मुक्कामी राहिलेली मंडळी मंगळवारी सकाळी एकदम पुतळ्याकडे सरकतात, म्हणून मंगळवारही मी टाळतो. बुधवार आणि गुरुवार, हे माझे दोन वार. शनिवार-रविवार बडोदा, सुरत, अमदावादचे. त्यांना जवळ आहे, सकाळी उठून येतात.

आता दिवाळी. आपल्याकडे पाडवा-भाऊबीज झाली की माणूस परत कामाला लागतो. गुजरातेत लाभपाचमपर्यंत, म्हणजे कार्तिकातल्या पंचमीपर्यंत, दुकानांची शटरं खाली, आणि शटर खाली म्हणजे गाडी रस्त्यावर. त्यातच ३१ ऑक्टोबर ही सरदार पटेलांची जयंती. परेड, मोठमोठी पाहुणे मंडळी, बंदोबस्त; त्या दिवसांत काही वेळा साध्या पर्यटकाला आत सोडतही नाहीत. जयंती आणि दिवाळी जवळजवळ आल्या तर मी सरळ दुसरं भाडं घेतो. पार्टी रागावते, रागावू दे.

या ३१ ऑक्टोबरचं आणखी एक आहे. एकतानगरला नवं काही उघडायचं असलं की ते बहुतेक याच दिवसांत उघडतात. २०१८ मध्ये पुतळा याच तारखेला खुला झाला. २०२० मध्ये जयंतीच्या आदल्या दिवशी जंगल सफारी, मुलांचं पोषण उद्यान, एकता मॉल, आरोग्य वन हे सगळं एकदम. २०२२ मध्ये ३० ऑक्टोबरला भूलभुलैया, म्हणजे मेझ गार्डन, आणि मियावाकी पद्धतीने दाट लावलेलं जंगल. २०२३ मध्ये कमलम, म्हणजे ड्रॅगन फ्रूटचं पार्क आणि अमदावादहून येणारी जुन्या वाफेच्या इंजिनासारखी दिसणारी गाडी. २०२५ मध्ये वामन वृक्ष वाटिका, म्हणजे बोन्साय झाडांची बाग. म्हणजे नव्या गोष्टीची बातमी टीव्हीवर येते तीच मुळी ऐन गर्दीच्या आठवड्यात. लोक बातमी बघतात आणि त्याच आठवड्यात निघतात. माझं सांगणं असं की बातमी बघा, व्हॉट्सअॅपवर फिरवा, आणि जानेवारी उजाडू द्या.

यामागे नुसती गर्दी नाही. नव्या जागेला स्वतःची सवय व्हायला वेळ लागतो. रांग कुठून कुठे वळवायची, पाणी कुठे ठेवायचं, बस कुठे थांबवायची, हे सगळं माणसं पायाखाली आल्यावर कळतं. बागेचं तर विचारूच नका. तो भूलभुलैया तीन एकरांचा आहे, वाटा सगळ्या मिळून २१०० मीटर, आखणी पूजेतल्या यंत्राच्या आकाराची, आणि भिंती झाडांच्या. झाडाची भिंत उंच आणि दाट व्हायला पाऊस लागतो. फीत कापून ती उंच होत नाही. म्हणून अशा जागेला एक-दोन पावसाळे जाऊ द्यावेत. वामन वृक्ष वाटिकेला मात्र हा नियम लावत नाही, तिथल्या झाडांना वाढूच द्यायचं नसतं.

पुतळ्याकडे येऊ. १८२ मीटर उंची तुम्हाला पाठ असेल. छातीच्या उंचीवर गॅलरी आहे, लिफ्टने वर नेतात, आणि एका वेळी तिथे २०० माणसं मावतात. सगळ्या नियोजनाची मेख या २०० मध्ये आहे. खाली परिसरात हजारो फिरू शकतात, वर २००. म्हणून गॅलरीचं तिकीट दोन-दोन तासांच्या वेळेचं असतं, सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत, आणि गर्दीच्या दिवशी आत जायला मिळतं पण गॅलरी भरलेली असते. मी पार्ट्या नेल्या तेव्हा साधं तिकीट १५०, गॅलरीसकट ३८० आणि रांग टाळणारं एक्सप्रेस १०३० असं होतं. दर बदलतात, निघण्याआधी अधिकृत साइटवर बघा आणि तिथूनच काढा. ‘दादा, तिकडे ओळख आहे, काढून देतो’ म्हणणारा भेटला तर हात जोडा. एक्सप्रेसचे पैसे बुधवारी उगाच जातात. शनिवारी म्हातारं माणूस बरोबर असेल तर द्यावेत.

पहिली वेळ, आठची, सगळ्यात मोकळी. पण डिसेंबर-जानेवारीत नर्मदेवर धुकं असतं. वर गेलात की जाळीपलीकडे पांढरं, बस. सरदार सरोवर धरण नाही, डोंगर नाही. त्या दोन महिन्यांत मी दहाची वेळ घ्यायला लावतो. थोडी माणसं जास्त, पण धरणाच्या दरवाजांची रांग आणि पलीकडचा सातपुडा-विंध्याचा घाट नीट दिसतो. फेब्रुवारी लागला की परत आठ. मार्च अर्धा गेला की तिथलं ऊन आपल्या शहाद्याच्या उन्हाचा भाऊच, दुपारी बाहेर फिरायचं नाव घेऊ नका.

खरं सांगायचं तर मला गॅलरीपेक्षा पाय आवडतात. पुतळ्याच्या पायांपाशी जाता येतं. तिथे उभं राहून वर बघितलं तर चेहरा दिसतच नाही, धोतराच्या चुण्या दिसतात आणि कांशाच्या पत्र्याला पत्रा जोडलेल्या रेषा. चपलेचा पट्टा माणसाच्या डोक्यावर जातो. धुळ्याची एक पार्टी होती, त्यातले निवृत्त चित्रकला मास्तर गॅलरीत गेलेच नाहीत. बाकीचे वरून खाली येईपर्यंत ते पायाच्या अंगठ्याजवळ उभे. नखाच्या कडेला मांस कसं किंचित फुगलेलं दाखवलंय ते त्यांनी मला बोटाने हवेत काढून दाखवलं. मग म्हणाले, ‘हे हात गोंदूरचे.’ पुतळ्याचे शिल्पकार राम सुतार धुळ्याजवळच्या गोंदूरचे, १९२५ चा जन्म. खान्देशातून जाणाऱ्या प्रत्येक गाडीत मी आता हे सांगतो. निम्म्या लोकांना माहीत नसतं, आणि कळल्यावर ते पुतळ्याकडे जरा मालकीच्या नजरेने बघायला लागतात.

मुलं असतील तर दिवस पोषण उद्यानाभोवती बांधा, पुतळ्याभोवती नको. पुतळा पोरांना अर्धा तास पुरतो. पोषण उद्यानात छोटी आगगाडी आहे. ती स्टेशनास्टेशनांवर थांबते, सगळे उतरतात, आत काहीतरी बघतात-खेळतात, परत गाडीत. स्टेशनांची नावं फलशाका गृहम्, पयोनगरी, अन्नपूर्णा, पोषण पुराण, स्वस्थ भारतम्. आरशांचा भूलभुलैया आहे, हलत्या खुर्च्यांचं फाइव्ह-डी थिएटर आहे. सगळ्याचा सूर एक, दूध प्या, भाज्या खा, घरचं जेवा. प्रकाशा गावच्या एका आजींनी पयोनगरीतून बाहेर पडताना मला विचारलं, ‘हाई सांगाले तिकीट लेतस का भो?’ त्यांचा नातू मात्र त्या गाडीतून उतरायला तयार नव्हता.

इथली गर्दी वेगळ्या जातीची असते. गाडी तुकडीतुकडीने सुटते, त्यामुळे तुमच्या पुढे किती माणसं आहेत यापेक्षा तुमच्या पुढे शाळा आहे का हे बघायचं. डिसेंबर-जानेवारी म्हणजे सहलींचा हंगाम. दोन बस भरून मुलं रांगेत असली की तुमच्या दोन-तीन गाड्या त्यांच्या. अशा वेळी रांगेत हुज्जत न घालता मी पार्टीला वळवतो, जेवून घ्या, मग या. सहलीच्या मास्तरांना संध्याकाळपर्यंत चार ठिकाणं उरकायची असतात, ती फौज दुपारी जंगल सफारीकडे सरकते. तुम्ही बरोबर उलटं करा. सफारी सकाळी, उद्यान दुपारी.

सफारीबद्दल थोडक्यात. ३७५ एकर, आणि सपाट नाही. २९ मीटरपासून १८० मीटरपर्यंत सात टप्प्यांत चढलेली आहे. गुडघे दुखणाऱ्यांना हे आधी सांगा. पक्ष्यांचे मोठे पिंजरे आहेत, आपण त्यांच्या आतून चालतो. मकाव, काकाकुवा, ससे, गिनीपिग जवळून बघायचा एक भाग आहे, तिथून पोरांना ओढून काढावं लागतं. वाघ मात्र उन्हात सावली धरून पडतो आणि हलत नाही, म्हणूनही सकाळ बरी.

आत फिरायला आपली गाडी चालत नाही. मी पार्किंगला लावतो, पुढे त्यांच्या बस आणि गुलाबी ई-रिक्षा. या रिक्षा तिथल्या गावातल्या बाया चालवतात. त्यांच्याशी दोन शब्द बोला. कुठे किती रांग आहे याची त्या घडीची खरी खबर त्यांच्याकडेच असते, कोणत्याही ॲपपेक्षा ताजी. मी स्वतः पार्किंगमध्ये बसून त्यांनाच विचारतो आणि पार्टीला फोन लावतो, ‘आता उद्यानाकडे या, रिकामं आहे.’ बारा सीटच्या गाडीचं भाडं घेतो, पण खरी कमाई या फोनची आहे असं माझं मत.

जेवणाचं म्हणाल तर आत मिळतं, पोट भरतं, चव विसरायला होते. आमच्या पार्ट्या कळण्याची भाकरी, ठेचा, भरीत बांधून आणतात आणि पार्किंगमध्ये माझ्या गाडीच्या सावलीला बसतात. शेजारच्या राजकोटच्या गाडीतले लोक एकदा भरीत चाखून गेले आणि बदल्यात खाखऱ्याचं पुडकं देऊन गेले. ठेच्याला हात लावला नाही. आणि एक, गुजरातेत दारूबंदी आहे. सीमेवर गाडी तपासतात. पार्टीत कोणी शौकीन असेल तर त्याने खापरच्या अलीकडेच मन मोठं करावं. माझ्या गाडीत बाटली निघाली तर गाडी माझी अडकते.

संध्याकाळी पुतळ्यावर लेसर शो असतो, अंधार पडल्यावर. तो आणि जवळच्या गोरा गावच्या घाटावरची नर्मदा आरती बघायची असेल तर मुक्काम करा. एका दिवसात परत यायचं असेल तर दोन्ही सोडा. शो संपला की सगळी गर्दी एका वेळी उठते, बसच्या रांगेत तुमचा तास जातो, आणि त्यापुढे राजपिपळ्यापासून डेडियापाड्यापर्यंत जंगलातला वळणांचा रस्ता, त्यापुढे आपल्या हद्दीत उसाच्या ट्रॉल्या, मागे लाल दिवा नसलेल्या. मी रात्री तो रस्ता घेत नाही. कितीही पैसे दाखवा.

मला विचाराल तर शो सोडा, आरतीला बसा. गोऱ्याला शूलपाणेश्वराचं देऊळ आहे, नवं बांधलेलं. जुनं देऊळ आपल्या अक्कलकुवा तालुक्यात मणिबेलीला होतं, नर्मदेच्या काठावर. धरणाच्या पाण्यात ते गेलं, मणिबेलीचीही जमीन गेली. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं त्या पाण्याच्या बुडितात आली. त्यांतल्या कितीतरी कुटुंबांच्या वसाहती आता तळोदा-शहाद्याच्या सपाटीवर आहेत, माझ्या घरापासून सायकलने जाता येईल इतक्या जवळ. तिथल्या एका कुटुंबाला मी घेऊन गेलो होतो. पोरं पुतळ्यावर गेली, फोटो काढले, खूष होती. आजोबा गाडीतून थेट गोऱ्याला चला म्हणाले. आरतीच्या बऱ्याच आधी पोहोचलो. त्यांनी पायऱ्यांवर चपला काढल्या, पाण्यात पाय सोडले आणि मला विचारलं, ‘देव कोणता, जुनाच ना?’ मी पुजाऱ्यांना विचारायला उठलो तर म्हणाले, राहू दे, बस. ज्यांना एकतानगर म्हणजे नुसतं सहलीचं ठिकाण वाटतं त्यांना मी हे भाड्यात सांगत नाही. आपल्या बाजूच्या माणसाने मात्र घाटावर जाताना एवढं ठाऊक असलेलं बरं.

रेल्वेबद्दल विचारतात म्हणून सांगतो. एकतानगरला स्टेशन जानेवारी २०२१ मध्ये झालं, चांगलं आहे. पण नंदुरबारहून रेल्वेने जायचं म्हणजे सुरत-बडोद्याचा वळसा. जळगाव-भुसावळच्या मंडळींनी नंदुरबारपर्यंत रेल्वेने यावं आणि तिथून गाडी करावी. माझीच करा असं नाही, पण सागबाऱ्याचा रस्ता रोजचा असलेला ड्रायव्हर बघा.

शिर्डीला वॉटर पार्कला नेणाऱ्या पार्ट्या असतात, त्यांनी माझे वार तिकडे लावू नयेत. एकतानगरला गुरुवार सोन्याचा; शिर्डीला गुरुवार बाबांचा, सगळं गाव भरलेलं. तिकडे मंगळवार-बुधवार, मे महिना टाळून. साई तीर्थ पार्क बघायचं असेल तरी हेच.

एक उद्घाटन असं असतं ज्याची तारीख कोणी छापत नाही. ऑगस्टच्या अखेरीला, सप्टेंबरमध्ये, मध्य प्रदेशात चांगला पाऊस झाला आणि वरून इंदिरा सागर, ओंकारेश्वरचं पाणी सुटलं की सरदार सरोवर भरतं. पूर्ण पातळी १३८.६८ मीटर. ती पहिल्यांदा २०१९ च्या सप्टेंबरात गाठली. मग दरवाजे उघडतात. एकूण तीस आहेत, सगळेच उघडतात असं नाही, पण जितके उघडतील तितके पुरे. धरणाच्या खाली पाण्याचा जो पांढरा धूर उठतो त्यापुढे लेसर शो म्हणजे टॉर्च. हिरवा सातपुडा, सागबाऱ्यापुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सागाची मोठी पानं, आणि तिकडे पोहोचायच्या आधी कानावर येणारा आवाज.

त्याची बातमी आली की त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी अख्खं बडोदा तिथे असतं. मी तिसऱ्या दिवसावर डोळा ठेवतो, वार सोमवार नसेल तर. वरून पाणी येत असलं तर दरवाजे तेवढ्यात बंद होत नाहीत. डेडियापाड्याच्या चहावाल्याला सकाळी फोन केला की तो तिकडून येणाऱ्या गाडीवाल्यांना विचारून सांगतो. माझ्याकडे दहा-बारा घरांची यादी आहे, ज्यांना सकाळी सहाला फोन केला तर सातला गाडीत बसतात. ज्यांना आधी पंधरा दिवस रजा टाकावी लागते त्यांचं हे काम नव्हे. यायचं असेल तर नाव देऊन ठेवा. आणि छत्री घरी ठेवा, रेनकोट आणा. धरणाच्या बाजूला वारा इतका असतो की छत्री हातात उलटी होते.